पाठक घराण्यातला दाह

कोल्हारच्या हायस्कुलात संस्कृत आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या नृसिंहराव पाठकांनी गुढीपाडव्याला मोठी पांढरी गाडी घेतली. गाडी जुनीच होती. शिर्डीतल्या एका हॉटेलवाल्याने ती वापरलेली, त्याच्याआधी ती चंदीगडच्या कुणा डॉक्टरची होती. डॉक्टर सुट्टीला सिमल्याला जायचे, असं हॉटेलवाल्याने सांगितलं. का सांगितलं ते नृसिंहरावांच्या लक्षात आलं नाही. गाडी थंड हवेतली आहे, म्हणजे इंजिन फारसं तापलेलं नसणार, एवढाच अर्थ त्यांनी काढला आणि समाधान मानलं.

गाडीत बटणं खूप होती. बरीचशी कशाची ते त्यांना कळलं. गिअरच्या दांडीजवळ मात्र दोन बटणं अशी होती की त्यांच्यावर खुर्चीचं चित्र आणि खुर्चीतून वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेघा होत्या. नृसिंहरावांनी त्यावर विचार केला. रेघा वर जात होत्या, त्या अर्थी हवा वर जात होती. सीटला हवा खेळती राहावी म्हणून केलेली ही सोय असणार. त्यांनी आपल्या बाजूचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा जोर लावून दाबलं. बटण आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. बायकोच्या, म्हणजे नीलांबरीच्या बाजूचं दाबलं तर त्यात लाल दिवा लागला. नीलांबरीने तो लगेच बंद केला. लाल दिवा म्हणजे काहीतरी बिघाड, असं तिचं मत होतं.

आजार सुरू झाला तो त्यानंतर आठवड्याभरात.

नृसिंहराव काही ना काही कामाने नगरला, शिर्डीला जात. नगरला जाताना राहुरीच्या पुढे गेलं की त्यांच्या कमरेखाली गरम वाटू लागे. मग मांड्या, मग पाठ. एसी चालू असे, तोंडावर गार वारा येई आणि खालून मात्र भट्टीवर बसल्यासारखं होई. उतरून चार पावलं चाललं की कमी होई. घरी कधी होत नसे. त्यावरून त्यांनी ठरवलं, की हा आजार विश्रांतीने दबतो आणि श्रमाने उसळतो. गाडी चालवणं हे आता त्यांच्या वयाला श्रमाचं काम झालं होतं.

गावातल्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि पित्त सांगितलं. सकाळी मोरावळा, दुपारी सब्जा, रात्री गुलकंद. नृसिंहरावांनी सगळं नेमाने घेतलं. पोट छान साफ होऊ लागलं. दाह होता तसाच राहिला.

"अहो, उन्हाळा आहे," नीलांबरी म्हणाली. "सगळ्यांनाच गरम होतंय."

"तुला होतं का? माझ्या शेजारीच बसतेस ना?"

"मला नाही होत."

"मग?"

मग नृसिंहरावांनी मोबाईलवर 'कमरेखाली दाह' असं लिहून पाहिलं. मोबाईलने त्यांना बरंच काही सांगितलं. त्यातलं सगळ्यात सौम्य होतं ते मणक्याचं ऑपरेशन. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नीलांबरीला म्हणाले, "केदारकडे जाऊन येतो."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. केदार म्हणजे नृसिंहरावांचा धाकटा भाऊ. त्याचं नेवाशाला औषधांचं दुकान होतं. कोल्हार आणि नेवासा दोन्ही प्रवरेच्याच काठी, पण दोघा भावांत वर्षानुवर्षं जाणं-येणं नव्हतं. कारण वडिलांच्या श्राद्धाची तिथी.

वडील वैशाखात वारले. वद्य अष्टमी संपत आली होती आणि नवमी लागत होती. दोघे मुलगे खाटेच्या दोन बाजूंना बसलेले. डावा हात नृसिंहाच्या हातात, उजवा केदारच्या. नृसिंहरावांचं म्हणणं, प्राण अष्टमीत गेला. केदारचं म्हणणं, नाही, नवमी लागली होती, माझ्या हाताला नाडी लागत होती. नृसिंहराव म्हणाले, तुझ्या हाताला तुझीच नाडी लागत असेल. इथून सुरुवात झाली. दोन वेगळ्या गुरुजींना विचारलं, तर दोघांनीही आपापल्या यजमानाला पाठिंबा दिला. तेव्हापासून वडिलांचं श्राद्ध कोल्हारला अष्टमीला आणि नेवाशाला नवमीला होई. दोन्ही घरी वडे उत्तम होत.

नृसिंहराव नेवाशाला पोचले तेव्हा केदार काउंटरमागे उभा होता. त्याने भावाकडे पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला खोकल्याचं औषध देऊन झाल्यावर म्हणाला, "ये. बस."

"बसवत नाही," नृसिंहराव म्हणाले. मघाशीच गाडीतून उतरले होते. उभ्या उभ्याच त्यांनी आजार सांगितला. वैद्यांचं औषध सांगितलं, मोबाईलने काय सांगितलं तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "केदार, यंदा बाबांचं तुझ्या तिथीला करू. नवमीला. मी येईन इकडे."

केदारने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"कशाला?" तो म्हणाला. "तू थोरला. तुझ्या तिथीला करू. मी येतो कोल्हारला अष्टमीला."

"मी म्हणतोय ना नवमीला."

"आणि मी म्हणतोय अष्टमीला. तुझी तब्येत ही अशी. तू कशाला दगदग करतोस?"

बराच वेळ दोघांनी एकमेकांची तिथी मान्य केली, आणि तरीही तिथ्या दोनच राहिल्या. शेवटी केदारची बायको प्रणिता आतून आली आणि म्हणाली, आधी प्रकृतीचं बघा. नगरला एका मोठ्या दवाखान्यात केदारची ओळख होती. त्याने वेळ घेतली आणि आदल्या दिवशीच एसटीने कोल्हारला येऊन मुक्कामाला राहिला.

सकाळी निघताना केदार म्हणाला, "किल्ली दे. आजारी माणसाने गाडी चालवायची नाही."

नृसिंहराव शेजारच्या सीटवर बसले, नीलांबरी मागे. राहुरी आली. गेली. नृसिंहरावांनी कमरेखाली लक्ष देऊन पाहिलं. काहीच नाही.

"आज बरं वाटतंय," ते म्हणाले. "तू बरोबर आहेस म्हणून असेल."

केदार पुढे सरकून स्टिअरिंगला खेटून बसला होता. कपाळावर घाम होता. विळदच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. नृसिंहराव मागोमाग गेले.

"दादा," केदार हळू आवाजात म्हणाला, "तुला नक्की कुठून सुरू होतं?"

"कमरेखालून."

"मग मांड्या?"

"मांड्या."

"मग पाठीत वर चढतं?"

"चढतं. का रे?"

केदारने लिंबाच्या खोडाला हात टेकला. "मलाही झालंय."

दोघे भाऊ रस्त्याकडे बघत उभे राहिले. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर गेला. मग नृसिंहराव म्हणाले, "बाबा शेवटी शेवटी ओला पंचा घेऊन बसायचे."

"ते मूळव्याधीसाठी."

"असं आपल्याला सांगितलं होतं."

केदारने मान हलवली. तो औषधांच्या धंद्यातला माणूस, आनुवंशिक म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आजोबा कशाने गेले, ते त्यांनी आठवून पाहिलं. आजोबा विहिरीत पडून गेले होते. पण पाण्याजवळ कशाला गेले असतील, असं नृसिंहराव म्हणाले. नीलांबरीने काच खाली करून विचारलं, "काय झालं?" तेव्हा केदार म्हणाला, "काही नाही, वहिनी," आणि तिला काही कळू नये अशा बेताने हसला. तिला एवढंच कळलं की काहीतरी झालंय.

दवाखान्यात केदारनेही आपला केसपेपर काढला. दोघे भाऊ आत गेले. नीलांबरी बाहेर बाकावर बसली. गर्दी होती, पंखा लांब होता. तिने केदारकडून किल्ली घेतली होती, ती घेऊन खाली गेली. गाडी उन्हात होती. इंजिन चालू करायचं म्हणून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिने एसी लावला.

सीट गरम होती. उन्हातली गाडी, तापणारच. थोड्या वेळाने गाडी गार झाली. स्टिअरिंग गार झालं, दार गार झालं. सीट मात्र आणखी गरम झाली. नीलांबरी उतरली, वळसा घालून दुसऱ्या दाराने शेजारच्या सीटवर जाऊन बसली. गार. पुन्हा उतरली, पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गरम. मग ती तिथेच आणखी जरा वेळ बसली, कारण गेली कित्येक वर्षं दुखणारी तिची कंबर त्या शेकाने सुटल्यासारखी वाटत होती. मग तिने गाडी बंद केली आणि वर गेली.

आत डॉक्टरीणबाई दोघांना तपासून झाल्या होत्या. गुडघ्यांवर हातोडी मारून झाली होती, पाय वर-खाली करून झाले होते. पुढे काय करायचं, ते त्या लिहीत होत्या. एमआरआयचं नाव निघालं होतं. हे आनुवंशिक असेल का, असं केदार विचारत होता, तेवढ्यात नीलांबरी दार ढकलून आत आली.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी ह्यांची बायको. मलाही होतंय."

डॉक्टरांनी नवा कागद ओढला. "कधीपासून?"

"आत्ताच. खाली गाडीत. पण मी पाठकांच्या रक्ताची नाही. माझं माहेर संगमनेरचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकदा नृसिंहरावांकडे पाहिलं, एकदा केदारकडे.

"तुम्हाला हे गाडीत बसल्यावर होतं?"

"प्रवासात होतं," नृसिंहराव म्हणाले.

"एसटीत होतं?"

नृसिंहरावांनी केदारकडे पाहिलं. केदार काल एसटीने आला होता. "मला काल झालं नाही," केदार म्हणाला.

"आज तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर होता?"

"हो."

"आणि ह्यांना आज झालं नाही."

"मला वाटलं, हा बरोबर आहे म्हणून..." नृसिंहराव बोलायला लागले आणि थांबले.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद बाजूला ठेवला. चेहऱ्यावर काहीही न दाखवता म्हणाल्या, "तुम्ही दोघेही ठणठणीत आहात. गाडी दाखवून घ्या. माझ्याकडे तशी सोय नाही."

नृसिंहराव जिना उतरले ते सावकाश. मणक्याचं ऑपरेशन टळलं म्हणून त्यांना बरं वाटत होतं, आणि गेल्या काही आठवड्यांत ते ज्या धीराने वागले होते तो सगळा एका सीटपायी खर्च झाला, याचं वाईटही वाटत होतं. केदारला मात्र भूक लागली. त्याने समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली आणि दोनदा तर्री घेतली.

मनमाड रोडला अंगद नावाच्या माणसाचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. अंगदने ड्रायव्हरच्या सीटवर तळहात ठेवला आणि झटकन काढला.

"लई तापलंय हो सर. कवापासनं हाय?"

"पाडव्यापासून."

"आन् तुमी बसत हुता ह्येच्यावर?"

"मी टॉवेल टाकत होतो."

अंगदला वाटलं, सायलेन्सर सीटखालून जात असेल आणि त्याची धग वर येत असेल. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली शिरला आणि बाहेर आला. सायलेन्सर भलतीकडे होता. मग त्याला वाटलं, एसीतली गरम हवेची झडप अडकली असेल. तीही ठीक निघाली. मग तो एकेक फ्यूज काढून बघू लागला. एक काढला तर हॉर्न गेला. एक काढला तर वायपर गेले. एक काढून परत लावल्यावर वरचं काचेचं छप्पर आपोआप उघडलं आणि पुन्हा मिटेना, ते बसवण्यात बराच वेळ गेला.

"कुठंतरी वायर चिकटली आसंल," अंगद म्हणाला. "पर सीटखाली कशाला येवढी वायर?"

नीलांबरी शेजारच्या सीटजवळ उभी होती. तिने ते खुर्चीच्या चित्राचं बटण पाहिलं. "माझ्याकडच्या बटणात लाल दिवा लागतो," ती म्हणाली. "त्यांच्याकडच्यात लागत नाही." आणि तिने आपलं बटण दाबलं.

लाल दिवा लागला. सगळे वाट बघत उभे राहिले. अंगदने शेजारच्या सीटवर हात ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "ह्या सीटला बी लागन झाली."

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. सीट तापवायचीच सोय होती ती. अंगदने असली सोय ऐकलेली होती, पण पाहिली नव्हती. नगरात सीट थंड करायला लोक पाणी मारायचे. "हवा खेळती राहायचं बटण आहे असं मला..." नृसिंहराव म्हणाले. केदारने दुसरीकडे पाहिलं, हे त्याने चांगलं केलं.

अंगदने आधी बॅटरीची तार काढली, कारण सीटखाली एअरबॅगचीही वायर असते आणि ती दुखवायची नसते. मग चार बोल्ट काढून सीट मागे पाडली. खालचा प्लग सोडवला. मीटर लावला. ड्रायव्हरकडच्या बटणाची पट्टी आत चिकटून बसली होती, म्हणजे गाडी चालू केली की वीज सीटमध्ये जातच होती. दिवा आधीच गेलेला, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"पर येवढ्यानं नाय व्हायचं," अंगद म्हणाला. "बटण चालू असलं तरी सीट एका हद्दीला गेली की आतल्या आत बंद व्हायला पायजे. गिझर कसा बंद व्हतो, तसं." त्याने कव्हरच्या खालच्या कड्या सोडल्या आणि कातडं वर उचललं. आत नागमोडी तारांची पातळ गादी होती आणि एका जागी हद्दीला वीज तोडणारा, शर्टाच्या बटणाएवढा थर्मोस्टॅट, तोही अडकलेला. त्याच्याभोवतीचा फोम तपकिरी झाला होता. अंगदने फोमला बोट लावलं. चुरा झाला.

"आजून काही दिवस बसला आसता सर, तर धूरच निघाला आसता."

नृसिंहरावांनी तो चुरा पाहिला. मग खुर्ची ओढून बसले.

"प्लग काढून ठेव," ते म्हणाले. "चिकटपट्टी लाव. आपल्याला काय करायचंय तापवून?"

"असं कसं?" केदार म्हणाला. "जी सोय आहे ती चालली पाहिजे. उद्या विकायला काढलीस तर?"

"विकताना सांगू ना, बंद आहे म्हणून."

"बंद ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, दादा."

"नगर जिल्ह्यात ती आपोआप दुरुस्तच आहे."

"पौषात प्रवरेकाठी काय थंडी असते, माहीत नाही तुला?"

आवाज चढले. अंगद स्क्रू-ड्रायव्हर धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. नीलांबरी म्हणाली, "नीट करा ती. थर्मोस्टॅट नवा घाला. थंडीत ड्रायव्हरच्या सीटवर मी बसणार. माझ्या कमरेला शेक लागतो."

"तू चालवणार?" नृसिंहरावांनी विचारलं.

"लायसन्स आहे माझ्याकडे."

ते होतं. तिने ते नृसिंहरावांच्या आधी काढलं होतं. वाद तिथे संपला.

थर्मोस्टॅट मिळायला वेळ लागणार होता, म्हणून गाडी तिथेच ठेवून तिघे एसटीने कोल्हारला निघाले. नीलांबरीला पुढे बायकांच्या सीटवर जागा मिळाली. भाऊ मागे बसले. उन्हाची बाजू होती. राहुरी आली.

मग केदार म्हणाला, "दादा, त्या तिथीचं. तू आजारपणात बोललास. मी ते धरून बसणार नाही."

"तूही माझ्या आजारपणातच बोललास."

"हो. म्हणजे फिट्टंफाट झाली. तू तुझी अष्टमी कर, मी माझी नवमी करतो."

नृसिंहराव खिडकीतून बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, मी जाणार. तेव्हा रात्री पडल्या पडल्या मी काय विचार करायचो, सांगू? नीला एका बाजूला बसेल, पोरगी पुण्याहून पोचेल न पोचेल. दुसऱ्या बाजूला कोण बसेल, ते काही डोळ्यांपुढे येत नव्हतं. म्हणून आलो होतो तुझ्याकडे. तिथी नुसतं निमित्त होतं."

केदारने पुढच्या सीटची दांडी धरली होती. ती धरूनच म्हणाला, "मी बसलो असतो की."

"ते आता कळलं." नृसिंहराव म्हणाले. "बोललो ते मोडत नाही. यंदा नवमीला नेवाशाला येतो. पण माझं मत बदललेलं नाही. बाबा अष्टमीतच गेले."

"मत राहू दे तुझं. ये म्हणजे झालं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बघू," केदार म्हणाला.

गाडी आठवड्याने मिळाली. अंगदने बटण साफ करून बसवलं होतं, त्यात नवा दिवा घातला होता, सीटमध्ये नवा थर्मोस्टॅट बसवला होता, जळका फोम कापून नवा भरला होता. नृसिंहरावांसमोर त्याने बटण दाबलं. दिवा लागला, सीट हळूहळू गरम झाली, एका हद्दीला थांबली, आणि बटण पुन्हा दाबल्यावर थंड झाली. नृसिंहरावांनी सीटवर हात ठेवून ते सगळं शेवटपर्यंत अनुभवलं. मग घरी येताना वाटेत दोनदा गाडी थांबवून पुन्हा हात लावून पाहिला.

वैशाख वद्य नवमीला ते आणि नीलांबरी नेवाशाला गेले. ब्राह्मण जेवले, वडे झाले, खीर झाली, अळूची भाजी झाली. भटजींनी संकल्पात तिथी उच्चारली तेव्हा नृसिंहरावांनी डोळे मिटून घेतले. जेवल्यावर केदारने बैठकीत सतरंजी घातली. दोघे भाऊ आडवे झाले आणि बाहेर ऊन उतरलं तरी उठले नाहीत. नीलांबरी दोनदा दारात येऊन बघून गेली. मग प्रणिताने रात्रीसाठी भाकरीचं पीठ काढलं आणि नीलांबरीला म्हणाली, "आज राहाच, वहिनी." आणि ती दोघं राहिली.